दुसऱ्याच्या हाताला सापडलं पाहिजे

प्रवासात लागणाऱ्या बारीकसारीक वस्तूंसाठी वेगळा छोटा पाऊच बाळगावा, हे मला पुष्कळ वर्षं पटत नव्हतं. कुणी विषय काढला की मी त्याविरुद्ध बोलायचे. पुण्याला शिकणाऱ्या भाचीनं एकदा कौतुकानं असा एक पाऊच आणून दिला, तो मी कपाटात ठेवून दिला होता. माझी कारणं वरवरची नव्हती, घरात ऐकलेल्या-पाहिलेल्या गोष्टींतून ती आली होती. आता माझं मत फिरलं आहे, सगळंच्या सगळं मात्र नाही.

पहिलं कारण जोखमीचं. सगळं एका जागी ठेवलं की जाताना सगळं एकदमच जातं. आजी सांगायची, आजोबा कापसाच्या व्यवहाराला जिंतूरहून वऱ्हाडात जायचे. आपला मुलूख निजामाचा, इथे हाली शिक्का. वऱ्हाडात इंग्रजांचा कलदार. भाव साधारण सात हालीला सहा कलदार. हद्दीवर करोडगिरीचा नाका, तिथे सामानाची झडती. आजोबांच्या कमरेला कापडाचा लांब कसा असे, त्याला मधोमध गाठ मारलेली. एका अंगाला हाली, दुसऱ्या अंगाला कलदार. थोडे पैसे कडोसरीला, थोडे पागोट्यात. नाक्यावर मोजायला जे काढायचं ते वरच्यावर आणि जे कुणाला दिसू द्यायचं नाही ते अंगालगत. हाली शिक्का 1959 मध्ये चलनातून गेला, पण वाटेवरचा ऐवज वाटून ठेवायचा ही रीत आमच्या घरात राहिली. औंढ्याच्या महाशिवरात्रीच्या गर्दीत मायनं कधीही सगळे पैसे एका ठिकाणी ठेवले नाहीत. काही पदराच्या गाठीला, काही चोळीत, काही पिशवीच्या तळाशी. तेव्हा एकाच पिशवीत पैसे, कार्ड, तिकीट, औषधं, चाव्या असं सगळं भरून फिरणं मला अंगावर संकट ओढवून घेण्यासारखं वाटायचं.

दुसरं कारण लक्षाचं. घर चालवणाऱ्या बाईला कोणती वस्तू कुठे आहे हे माहीत असतंच, अशी माझी समजूत. शाळेत शिकवताना चाळीस-पन्नास मुलांच्या वह्या, दप्तरं, हजेरी मी ध्यानात ठेवत आले. प्रवासाच्या पिशवीत दहा वस्तू कुठे ठेवल्या एवढं ध्यानात राहत नसेल, तर कप्पे शिवून काय होणार, असं मला वाटे. शिवाय बाजारात मिळणारे ते पाऊच पाहिले की त्यातले अर्धे कप्पे कशासाठी आहेत हे कळायचं नाही, आणि कप्पा दिसला की माणूस त्यात काहीतरी भरतोच.

हे मत हललं ते परभणीच्या स्टेशनवर.

आधी जिंतूरच्या प्रवासाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला ते चटकन लक्षात येत नाही. आमच्या गावाला रेल्वे नाही. मनमाड–सिकंदराबाद रूळ 1900 च्या सुमारास पडला तो सेलू, मानवत रोड, परभणीवरून गेला आणि जिंतूर बाजूला राहिलं. त्यामुळे लांबचा कोणताही प्रवास आम्ही तुकड्यांनी करतो. आधी जिंतूर आगारातून एसटी, मग चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर परभणी, बसस्थानकातून स्टेशनपर्यंत रिक्षा, मग देवगिरी किंवा दुसरी एखादी गाडी, पुढे पुन्हा लोकल नाहीतर रिक्षा. दर तुकड्याला हातात वेगळी वस्तू लागते. एसटीत सुट्टे पैसे. आता कंडक्टरच्या मशीनवर यूपीआय चालतं, पण वाटेत रेंज जाते. मायला 75 वर्षं पूर्ण झालेली, म्हणून तिला ऑगस्ट 2022 पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, पण त्यासाठी वयाचा पुरावा दाखवावा लागतो. मला मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, त्याला काही दाखवावं लागत नाही. रेल्वेत पुन्हा ओळखपत्र, कारण मोबाइलवरच्या तिकिटासोबत ते मागतात. दवाखान्यात गेलं की जुना कागद आणि गोळ्यांची नावं. आणि प्रत्येक ठिकाणी मोठी पिशवी कधी सीटखाली, कधी रिक्षाच्या मागे, कधी बाकाखाली. ज्या वस्तू सारख्या लागतात त्या मी, जी पिशवी सारखी हातातून सुटते, तिच्यातच ठेवल्या होत्या.

त्या दिवशी आम्ही मुंबईला भावाकडे निघालो होतो. गाडीला उशीर. मायला साखरेचा आजार आहे, सकाळची गोळी घेऊन झाली होती आणि जेवण गाडीत करू असं ठरलेलं. मी तिला बाकावर बसवून डबा कुठे लागेल ते विचारायला गेले. तेवढ्यात तिची साखर उतरली. दरदरून घाम, हात थरथरायला लागलेले, बोलणं अडखळतंय. शेजारी बसलेल्या बाईंना काहीतरी बिघडलंय हे लगेच उमगलं. त्यांनी विचारलं, “मावशी, साखर आहे का पिशवीत?” माय म्हणाली, “हाय. लेकीनं ठिवलीय.” कुठे ठेवली, ते तिला ठाऊक नव्हतं. ग्लुकोजची पुडी होती. ती मी शालीच्या घडीत, स्टीलच्या डब्याच्या बाजूला, कापडात गुंडाळून ठेवली होती, कारण पुडी फुटून कपडे चिकट होऊ नयेत. माझ्या दृष्टीनं जागा अगदी पक्की होती. त्या बाईंनी पिशवीतलं एकेक बाहेर काढलं. साडी, टॉवेल, भावाच्या लेकरांसाठी घेतलेला खाऊचा डबा. शेवटी समोरून चहावाला चालला होता, त्यानं चहात जास्तीची साखर घालून दिली. मी परत आले तेव्हा माय चहा पीत होती आणि आमचं सगळं सामान बाकावर पसरलेलं होतं. पंधरा-वीस मिनिटांत ती सावरली. बाई मला म्हणाल्या, “ताई, हात घातला हो पिशवीत, पण काही लागेना.”

त्या वाक्यावर मी पुढे कित्येक दिवस विचार करत होते. वस्तू हरवली नव्हती. मला ती डोळे मिटूनही सापडली असती. पण ज्या क्षणी ती लागली त्या क्षणी शोधणारा हात माझा नव्हता. आणि मग लक्षात आलं की आजवर मी पाऊचबद्दल जे काही बोलत आले होते, ते सगळं माझ्या हातापुरतं होतं. माझं ध्यान चांगलं आहे की नाही, माझी वस्तू चोरीला जाईल की नाही, मला कप्प्यांची गरज आहे की नाही. आजारी, म्हातारं किंवा लहान माणूस सोबत असताना हा प्रश्नच मुळात वेगळा असतो. मी दोन मिनिटं जागेवर नसताना तिसऱ्या माणसाला ती वस्तू विचारल्याशिवाय मिळाली पाहिजे.

नंतर मला आजीची चंची आठवली. मी ती इतक्या वेळा पाहिली होती, पण या बाजूनं कधी पाहिली नव्हती. लाल खारव्याची, वीतभर रुंद, आत एकाला एक लागून शिवलेले खण, गुंडाळली की दोरीनं बांधायची. एका खणात पानं, एकात सुपारी, एकात कात, लवंग, चुन्याची डबी, आणि सगळ्यात शेवटच्या खणात अडकित्ता. घरात रात्री दिवा नसला तरी आजी बोटानं चाचपून लवंग काढायची. महत्त्वाची गोष्ट अशी की आजी जात्यावर असताना आम्हा पोरांना म्हणायची, “चंचीतून सुपारी आण गं,” आणि आम्हाला ती बरोबर सापडायची. आत्याला सापडायची, शेजारच्या काकूंना सापडायची. खण कधी बदलले नाहीत. सुपारी संपली तर तो खण रिकामा राहायचा, त्यात दुसरं काही शिरत नसे. अख्ख्या घराला त्या चंचीची वाट पाठ होती. ज्या घरातून मी “ऐवज वाटून ठेवावा” हे शिकले, त्याच घरात ही दुसरी रीतही होती. मी एकच उचलली होती.

भाचीनं दिलेला पाऊच मी कपाटातून काढला, पण तो वापरता आला नाही. आतलं अस्तर काळं होतं. काळ्या अस्तरात काळी चार्जरची वायर, काळं चष्म्याचं घर, गडद रंगाची गोळ्यांची पाकिटं, काहीच दिसत नव्हतं. कप्प्यांना जाळी होती आणि जाळीत सेफ्टीपिना अडकत होत्या. मोठाही फार होता. मग मी गावातल्याच एका बॅगा शिवणाऱ्याकडे गेले आणि बसून शिवून घेतला. तिथे मला बरंच शिकायला मिळालं. मी रेक्झिन म्हणत होते, पुसायला सोपं म्हणून. तो म्हणाला, आपल्याकडच्या उन्हात रेक्झिन चिकटतं आणि घडीवर तडकतं. ते खरंच आहे, मे महिन्यात परभणी जिल्ह्यात पारा 42-43 ला जातो आणि एसटीच्या खिडकीजवळची वस्तू त्याहून तापते. शेवटी बाहेरून जाड कॅनव्हास घेतला आणि आतून पांढरं मांजरपाट. पांढऱ्यावर मळ दिसतो ही माझी तक्रार होती. त्याचं उत्तर सरळ होतं: मळ दिसला की धुवाल. चेन त्यानं रुंद दात्यांची, बॅगेला लावतात ती लावली. बारीक चेन म्हाताऱ्या बोटांना ओढवत नाही आणि धागा अडकला की तिथेच बसते. तिच्या टोकाला मी लाल गोफाचा तुकडा बांधला, म्हणजे थरथरत्या हातालाही धरता येतो. व्हेल्क्रो नको म्हटलं, त्यात सुताचे तंतू आणि केस अडकतात आणि काही दिवसांत ते पकड सोडतं.

मापाबद्दल मात्र मी हट्ट धरला. लांबी वीतभर, रुंदी आठ बोटं, जाडी मुठीत मावेल एवढी. आधार कार्डाचं नवं प्लास्टिकचं कार्ड एटीएम कार्डाएवढंच असतं, त्यामुळे त्याला जास्त जागा लागत नाही. जागा खातात त्या गोळ्या आणि वायरी. मोठा पाऊच शिवला असता तर तो भरला असता, आणि भरला की तो मोठ्या पिशवीत गेला असता, आणि मोठी पिशवी सीटखाली. आत तीनच खण ठेवले. पुढच्या खणाला आरपार दिसणारं जाड प्लास्टिक लावलं, त्यात फक्त तातडीचं. मधल्यात रोजच्या गोळ्या. मागच्यात बाकीचं.

पुढच्या खणात ग्लुकोजची पुडी आणि त्यासोबत एक प्लास्टिकचा चमचा असतो. डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते मी तिथेच एका चिठ्ठीवर लिहून ठेवलं आहे: माणूस शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर साधारण पंधरा ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज, म्हणजे तीन चहाचे चमचे पाण्यातून द्यायचे, पंधरा मिनिटं थांबायचं, बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढंच. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, 108 ला फोन करायचा. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला मायचं नाव, गाव, रक्तगट, आजार, गोळ्यांची नावं आणि वेळा, माझा आणि भावाचा नंबर. अक्षर मोठं, काळ्या शाईत. मी पहिल्यांदा ती फोनमध्ये लिहिली होती. पण फोनला कुलूप असतं आणि ते उघडायला माझंच बोट लागतं. डिजिलॉकर मी वापरते, चांगली सोय आहे, 2015 पासून सरकारनं ती दिली आहे, आणि रेल्वेत त्यातलं आधार चालतं. पण ती सोय माझ्यासाठी आहे. परक्या बाईला बाकावर बसल्या बसल्या कागदच वाचता येतो.

गोळ्यांच्या बाबतीत एक गोष्ट मी आधी करत होते आणि आता करत नाही. जागा वाचावी म्हणून मी पाकिटं कात्रीनं कापून दोन-दोन गोळ्यांचे तुकडे करायचे. तसं केलं की गोळीचं नाव एका तुकड्यावर राहतं, मुदत दुसऱ्यावर, आणि तिसऱ्यावर काहीच राहत नाही. आपल्याला रंगावरून कळतं, दवाखान्यातल्या माणसाला कळत नाही. आता पाकीट अख्खं ठेवते, लागेल तेवढ्याच दिवसांचं. ओआरएसची एक पुडी असते, ती एक लिटर पाण्याची, अर्ध्या बाटलीत अर्धी पुडी टाकायची नाही हेही मी पुडीवर लिहून ठेवलं आहे. माय अजून इन्सुलिनवर नाही. जिच्या घरी आहे तिनं ते या पाऊचमध्ये ठेवू नये असं मी सांगेन, कारण आपल्या उन्हाळ्यात त्याला गारव्याची वेगळी सोय लागते.

मागच्या खणात सुईदोरा, दोन सेफ्टीपिना. छोटी कात्री किंवा ब्लेड नाही, नुसतं नेलकटर. चार्जरची आखूड वायर. रबरबँडनं बांधलेले सुट्टे पैसे. पेन. पेन नेहमी लागतं.

आणि इथेच माझं जुनं मत अजून शाबूत आहे. सुट्टे पैसे सोडले तर पैसा मी या पाऊचमध्ये ठेवत नाही. एटीएम कार्ड नाही, घराची चावी नाही. मायचं आधार त्यात आहे, माझं नाही. जो पाऊच परक्या हाताला सहज मिळावा म्हणून शिवला, तो चोराच्या हातालाही सहज मिळणार, हे मला विसरून चालणार नाही. आजोबांनी हाली आणि कलदार वेगळे ठेवले ते याच विचारानं. पैसा लपवायचा आणि औषध उघडं ठेवायचं. दोन्ही एकाच पिशवीत कोंबून “ऑर्गनायझर” म्हणून विकतात, त्याला माझा विरोध आजही आहे आणि मी तो बोलून दाखवते. पासपोर्टपासून नाण्यांपर्यंत सगळं एका चेनीत बंद करून देणारी वस्तू दुकानात नीटनेटकी दिसते. गर्दीत ती एकदा हातातून गेली की माणूस गावी परतण्याच्या भाड्यालाही महाग होतो.

आणखी एक बदल मला अपेक्षित नव्हता. पाऊच प्रवासापुरता भरायचा आणि घरी आलं की रिकामा करायचा, अशी माझी कल्पना होती. तसं केलं आणि पुढच्या वेळी ग्लुकोज टाकायचं राहिलं असतं, मायनंच आठवण केली. तेव्हापासून तो रिकामा होत नाही. घरी आल्यावर जे वापरलं ते त्याच दिवशी परत भरायचं, मुदती पाहायच्या, पांढरं अस्तर मळलं असेल तर धुवायचं, आणि दाराच्या मागच्या खुंटीला टांगायचा. आता माय एकटीनं चारठाण्याला बहिणीकडे निघाली तरी खुंटीवरून पाऊच काढून गळ्यात अडकवते. लांब बंद मी तिच्या सांगण्यावरून लावला. मला हातात धरायची मूठ हवी होती, ती म्हणाली, “हात रिकामे पायजेत गं, बसमधी दांडी धरावी लागती.” तिचं बरोबर होतं.

बाकावरच्या त्या बाई कोण, कुठल्या, हे मी विचारलंच नाही. गाडी आली आणि सगळे आपापल्या डब्याकडे गेले. पण त्यानंतर मी प्रवासाला निघताना मायच्या शेजारी जो कुणी बसेल त्याला आधीच सांगून ठेवते: यांना साखर आहे, घाम आला तर गळ्यातल्या पाऊचमध्ये पुढेच पुडी आहे. पूर्वी मला असं सांगणं अवघड वाटायचं. घरातली गोष्ट परक्याला कशाला, असं वाटायचं. लोक मात्र मन लावून ऐकतात, आणि पुष्कळदा स्वतःच्या घरातल्या आजाराबद्दल सांगू लागतात. सेलूला राहणाऱ्या माझ्या नणंदेनं हे ऐकून तिच्या सासऱ्यांसाठी तसाच एक शिवून मागितला आहे. त्यांना साखर नाही, दम्याचा त्रास आहे, म्हणजे पुढच्या खणात पंप बसला पाहिजे. तो उंचीला जास्त असतो, म्हणून तो खण दोन बोटं खोल घ्यायला मी शिवणाऱ्याला सांगितलं आहे.